मेंढरांनी राखलेला माळ

उत्तर जर्मनीत हॅम्बुर्ग, ब्रेमेन आणि हॅनोव्हर या तीन शहरांच्या मधोमध, एल्ब आणि आलर या नद्यांच्या दरम्यान ल्यूनेबुर्गचा माळ पसरलेला आहे. गुडघ्याएवढी वाढणारी कॅलुनाची झुडपे, मधूनच उभे असलेले काळपट हिरवे जुनिपर, बर्चची पांढरी खोडे, ओढ्याकाठची कुरणे आणि पायाखाली वाळू, असे त्याचे रूप आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस कॅलुना फुलते आणि माळ जांभळा होतो. ८ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर हा बहराचा काळ, असा तिथल्या लोकांचा ठोकताळा आहे. या माळाचा साधारण २३,४०० हेक्टरांचा गाभा १९२१ पासून संरक्षित आहे. त्यात जंगल, शेते आणि गावेही येतात. उघडा माळ उरला आहे तो ५,००० हेक्टरांच्या आसपास, पण मध्य युरोपात एवढा सलग माळ दुसरीकडे क्वचितच सापडेल.

या गाभ्याला वळसा घालून सायकलने एक फेरा मारता येतो. श्नेव्हरडिंगेनहून निघायचे, राइनझेलेन, वेझेल, उंडेलो, एगेस्टोर्फ, बिस्पिंगेन, बेरिंगेन, हेबर अशी गावे घेत परत श्नेव्हरडिंगेनला यायचे. अंतर साठेक किलोमीटर भरते. चढ आहेत, पण दमछाक करणारे नाहीत. सायकलवाल्याला वाटेत बरेचसे निसर्गदृश्य म्हणून दिसते, मात्र त्यातले फार थोडे आपोआप उगवलेले आहे. माळ, कुरणे, जुनिपरचे राखलेले पुंजके, सरळ रांगांतली पाइनची जंगले यांतल्या प्रत्येक गोष्टीमागे माणसाची गरज आहे आणि श्रम आहेत.

माळाखालची वाळू हिमनद्यांची आहे. स्कँडिनेव्हियातून उतरलेल्या बर्फाने दगडगोटे आणि वाळू इथवर लोटत आणली आणि बर्फ वितळल्यावर त्यांचे ढीग जागीच राहिले. विल्सेडर बेर्ग हा त्यांतला सर्वांत उंच ढीग. त्याची उंची १६९ मीटर, आणि वायव्य जर्मनीच्या मैदानात याहून उंच जागा नाही. म्हणूनच गणिती कार्ल फ्रीड्रिश गाउस याने १८२०च्या दशकात हॅनोव्हर राज्याची त्रिकोणी मोजणी केली तेव्हा या टेकडीचा माथा त्याच्या जाळ्यातला एक बिंदू ठरला. व्युमे, झेव्हे, लुहे, ब्योमे अशा लहान नद्या याच उंचवट्याच्या परिसरात उगम पावतात. जमीन मात्र हलकी आहे. पावसाचे पाणी वाळूतून झिरपते आणि वरच्या थरातला कस खाली नेते. खाली गेलेले लोह आणि कुजलेले द्रव्य साधारण अर्ध्या मीटरवर साठून दगडासारखे कठीण होते. या थरातून झाडांची मुळे सहजी जात नाहीत.

तरीही मुळात इथे जंगलच होते. ओक, बर्च, पुढे बीच. इसवी सनापूर्वी तीनेक हजार वर्षांच्या सुमारास शेतकरी इथे स्थिरावले. त्यांनी झाडे तोडली, जाळली, उरलेल्या जंगलात गुरे चरायला सोडली. हलक्या वाळूची जमीन नांगराला सोपी, पण ती लवकर थके. मग ती सोडून शेजारचा तुकडा साफ केला जाई. सोडलेल्या जमिनीवर जंगल पुन्हा आलेही असते, पण गुरांनी आणि मेंढ्यांनी कोवळी रोपे शिल्लक ठेवली नाहीत. जिला कमी कसाची, आम्ल जमीन चालते आणि जिला चरल्यावर पुन्हा धुमारे फुटतात अशी कॅलुना तेवढी टिकली. त्या काळातल्या माणसांचे दफनढिगारे आणि प्रचंड शिळांची थडगी माळावर आजही आहेत. मध्ययुगात माळ वाढत गेला आणि १८०० च्या सुमारास त्याचा विस्तार सर्वाधिक होता.

जंगल गेल्याचा दोष अनेक वर्षे ल्यूनेबुर्ग शहराच्या मिठावर टाकला गेला. शहराखाली मिठाचा घुमट आहे. तिथले खारे पाणी शिशाच्या कढयांत आटवून मीठ काढत. या व्यवसायाचा पहिला लेखी उल्लेख इसवी सन ९५६ मधला, आणि कारखाना बंद झाला १९८० साली. हजार वर्षे पेटलेल्या भट्ट्यांनी आसपासचे जंगल खाल्ले, ही गोष्ट सांगायला सोपी असल्याने ती पुस्तकांतूनही फिरली. पण गाभ्यातल्या विल्सेडे गावच्या परिसरातला माळ मिठाच्या भट्ट्यांहून फार जुना आहे. शिवाय भट्ट्यांचे लाकूड मोठ्या प्रमाणावर पूर्वेकडून, मेक्लेनबुर्गच्या बाजूने पाण्यावाटे येत असे. माळ घडला तो शेतीतून, आणि ही शेती नीट समजून घेतल्याशिवाय माळाचा इतिहास कळत नाही.

त्या शेतीचे मुख्य पीक राय. हे थंडीत, वाळूत तग धरणारे काळसर धान्य त्याच शेतात वर्षामागून वर्षे घेतले जाई. जोडीला कुट्टू. एवढ्या हलक्या जमिनीत एकच पीक सतत घ्यायचे तर खत हवे, आणि खताला गुरे हवीत. गुरांना वैरण पुरेशी नव्हती आणि गोठ्यात अंथरायला पेंढाही पुरत नव्हता. हा पेच शेतकऱ्याने माळाच्या मदतीने सोडवला. रुंद पात्याची जड कुदळ घेऊन तो माळावर जाई आणि कॅलुनाची झुडपे मुळांसकट, खालच्या काळ्या मातीच्या काही सेंटीमीटर थरासह खरवडून काढी. या चकत्यांना प्लागेन म्हणत. गाडीत भरून आणलेले प्लागेन गोठ्यात आणि मेंढवाड्यात अंथरत. जनावरे त्यावर बसत, मुतत, हगत आणि ते तुडवत. थरावर थर चढत. पुरेसे मुरले की ते उपसून रायच्या शेतात पसरायचे.

कुदळीचे हे काम अत्यंत कष्टाचे होते. माणूस वाकून दिवसभर खरवडत राही आणि त्या दिवसाच्या श्रमातून शेताचा लहानसा कोपरा खतावला जाई. खरवडलेल्या जागी उघडी वाळू उरे. तिथे कॅलुना पुन्हा धरून कापण्याजोगी व्हायला दहा-पंधरा वर्षे आणि अनेकदा त्याहून जास्त काळ लागे. त्यामुळे एका शेताला खत पुरवायला त्याच्या कितीतरी पट माळ हाताशी असावा लागे. हिशेब चुकला, फार लवकर पुन्हा खरवडले, की वाळू वाऱ्यावर उडू लागे आणि टेकाडे होऊन शेतांवर सरके. माळ ही गावाची सामाईक जमीन होती, गायरान होते. कोणी किती प्लागेन काढायचे, किती मेंढ्या सोडायच्या याचे नियम गावाने बांधलेले असत, आणि त्यावरून तंटेही होत.

मेंढी या व्यवस्थेच्या मधोमध होती. हाइडश्नुके ही इथली जात अंगाने लहान, काटक आणि करड्या रंगाची. तोंड आणि पाय काळेभोर, बिनलोकरीचे. नराला आणि मादीला दोघांनाही शिंगे असतात. कोकरू जन्मते तेव्हा पूर्ण काळे असते आणि पहिल्या कातरणीनंतर करडे होत जाते. लांब, जाड लोकर अंगावरून लोंबते. पाऊस तिच्यावरून निथळून जातो. ही मेंढी कॅलुनावर जगू शकते, हिवाळ्यातही बर्फ उकरून खाते. बर्च आणि पाइनची कोवळी रोपेही ती खाते, जुनिपरला मात्र सहसा तोंड लावत नाही. माळावर जुनिपर उभे दिसतात आणि बाकी झाडे फारशी दिसत नाहीत, याचे कारण मेंढीच्या या आवडीनिवडीत आहे. महाराष्ट्रात धनगर शेतकऱ्याच्या वावरात मेंढरे बसवतो आणि लेंड्या जागीच पडतात. ल्यूनेबुर्गच्या माळावर उलटा क्रम होता. मेंढरे दिवसभर माळावर चरत, रात्री माळावरच्याच बुटक्या, गवती छपराच्या वाड्यात कोंडली जात आणि खत वाड्यात साठे. मांस आणि लोकर मिळे, पण शेतकऱ्याचे खरे उत्पन्न होते ते वाड्यातले खत.

माळाचा दुसरा मोठा धंदा मधाचा. कॅलुनाचा बहर ऑगस्टमध्ये येतो, म्हणजे बाकीची फुले संपत आलेली असताना. म्हणून मधपाळ वसंतात पोळी फळबागांकडे आणि शेतांकडे नेत आणि उन्हाळा उतरताना माळावर आणत. पोळ्यासाठी रायच्या पेंढ्याची दोरीसारखी वेटोळी करून, ती वेलीच्या पट्टीने शिवून डालग्यासारखी टोपली विणत. ती उपडी ठेवत. बाहेरून शेणाने लिंपत, माश्यांना जायला बाजूने एक बोटभर भोक. अशा टोपल्यांच्या रांगा उघड्या पडवीसारख्या लाकडी आडोशात, उन्हाकडे तोंड करून ठेवलेल्या असत. कॅलुनाचा मध काळसर तांबूस आणि खळीसारखा घट्ट असतो. तो पोळ्यातून निथळत नाही, दाबून काढावा लागतो. शरद ऋतूत मधपाळ एकेक टोपली हाताने उचलून वजनाचा अंदाज घेई. फार जड आणि फार हलक्या टोपल्यांतली माशी गंधकाच्या धुराने मारून मध आणि मेण काढून घेत. मधल्या वजनाच्या टोपल्या पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी राखत. जड पोळ्यात मध पुष्कळ आणि हलके पोळे थंडीत तगणार नाही, असा हा रोकडा विचार होता. मेंढ्या आधी फिरून गेल्या की झुडपांतली कोळ्यांची जाळी तुटतात आणि माश्या अडकत नाहीत, असे मधपाळ सांगत. माळावर मेंढपाळ आणि मधपाळ यांचे जमत असे, त्यामागे हेही एक कारण.

ओढ्याकाठच्या कुरणांचा इतिहास मात्र माळाइतका जुना नाही, आणि प्रवासवर्णनांत तो जवळजवळ येतच नाही. खोऱ्यातल्या दलदलीच्या गवतापासून पुरेशी वैरण मिळत नसे. एकोणिसाव्या शतकात ल्यूनेबुर्गच्या दक्षिणेकडील झुडरबुर्ग गावच्या शेतकऱ्यांनी पाणी खेळवून कुरणे पिकवण्याची पद्धत नेटाने विकसित केली. ओढ्यावर छोटा बांध घालून पाणी पाटाने वर न्यायचे. कुरणात रुंद वरंबे घालायचे. प्रत्येक वरंब्याच्या माथ्यावरून बारीक चर काढायचा, त्यातून पाणी दोन्ही उतारांवर पातळ पत्र्यासारखे ओघळू द्यायचे आणि मधल्या सरीत गोळा करून पुन्हा ओढ्याला सोडायचे. पाणी कुठेच तुंबता कामा नये, म्हणून उतार बोटांच्या मापाने साधावा लागे. वसंताच्या आरंभी असे पाणी फिरवले की जमीन गोठत नसे, ओढ्याचा गाळ गवताला मिळे आणि गवत लवकर वाढे. पाणी धरणारा माणूस फावडे घेऊन दिवसरात्र फिरत असे. गवत वाढले तशा गाई वाढल्या, गाईंबरोबर शेणखत वाढले, आणि वाळूतल्या रायला जोर आला. या कामाचे शिक्षण देण्यासाठी झुडरबुर्गमध्ये १८५४ साली कुरणबांधणीची शाळाच निघाली. त्याच गावात आज पाणी व्यवस्थापनाचे उच्चशिक्षण मिळते. विसाव्या शतकात रासायनिक खताचा वापर वाढला आणि मजुरी परवडेनाशी झाली तशी ही कुरणे बहुतेक ठिकाणी मोडली, पण सकाळच्या तिरप्या उन्हात काही खोऱ्यांत जुने वरंबे अजून ओळखू येतात. माळावरच्या लोकांनी केलेल्या कामांत हे सर्वांत बुद्धीचे काम होते.

माळाचा अंत एकोणिसाव्या शतकातच सुरू झाला. १८०२ साली ल्यूनेबुर्ग प्रदेशात गायराने वाटून देण्याचा कायदा झाला. पुढच्या काही दशकांत सामाईक माळ तुकड्यातुकड्याने खासगी मालकीत गेला. ज्याच्या वाट्याला माळ आला तो त्याचे काय करायचे हे आता एकट्याने ठरवू शकत होता. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातून मऊ मेरिनो लोकर येऊ लागली आणि हाइडश्नुकेची भरड लोकर पडून राहिली. साखर स्वस्त झाली तसा मधाचा भाव उतरला. शेवटी कारखान्यातले खत आले आणि प्लागेन खरवडण्याची गरजच संपली. शेतकऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असेल, कारण कुदळीचे ते काम कोणालाही प्रिय नव्हते. माळाची किंमत अचानक नगण्य झाली. १८६०च्या दशकापासून सरकार, मठांच्या जमिनी सांभाळणारी संस्था आणि खासगी मालक तिथे पाइन लावू लागले. वाफेच्या नांगराने खालचा कठीण थर फोडून रोपे रांगेने लावली गेली. अर्ध्या शतकाच्या आत बहुतेक माळ पाइनखाली नाहीतर नांगराखाली गेला. जमिनीखालीही शोध चालू होताच. माळाच्या दक्षिण भागात डायटम या सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांची पांढरी माती सापडली होती. आल्फ्रेड नोबेलने हॅम्बुर्गजवळच्या क्रुमेल कारखान्यात नायट्रोग्लिसरीन अशाच मातीत जिरवून डायनामाइट तयार केले.

माळ आटत असतानाच तो लोकांना सुंदर दिसू लागला. अठराव्या शतकातले प्रवासी या भागातून गाडीने जाताना वैतागत. त्यांना ते वाळवंट वाटे, जिथे चाके रुततात आणि पोचायला दिवस लागतात. रेल्वे आल्यावर दृष्टी बदलली. हॅनोव्हरहून उत्तरेकडे हार्बुर्गपर्यंत जाणारी लोहवाट १८४७ साली सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी श्नेव्हरडिंगेनसारखी गावेही लोहमार्गावर आली. हॅम्बुर्गचा गजबजाट सोडून रविवारी माळावर येणारे वाढले. चित्रकार आले. हेर्मान ल्यॉन्स हा पत्रकार-लेखक माळावर शिकार करत हिंडला आणि त्याच्या गोष्टींनी व गीतांनी माळ जर्मन घराघरात पोचवला. १९१४ साली पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. पुढे नाझींनी त्याला आपला कवी म्हणून मिरवले.

माळ वाचवण्याचे प्रत्यक्ष काम एका खेड्यातल्या पाद्र्याने सुरू केले. विल्हेल्म बोडे (१८६०–१९२७) हा एगेस्टोर्फचा पाद्री. विल्सेडे गावाजवळ टोटेनग्रुंड नावाची एक खोलगट दरी आहे, उतारांवर कॅलुना आणि गर्द जुनिपर असलेली. तिथे सुट्टीची घरे बांधण्याचा बेत शिजत होता. बोडेने म्युन्स्टरचे प्राध्यापक आंद्रेआस थॉम्सेन यांना गाठले आणि त्यांनी दिलेल्या ६,००० मार्कांत १९०६ साली ती दरी विकत घेतली. दुसऱ्या गावातले जुने घर उतरवून विल्सेडेला उभे केले गेले आणि १९०७ मध्ये त्यात माळावरच्या शेतकरी जीवनाचे संग्रहालय उघडले. एका छपराखाली माणसे, गुरे आणि धान्य असलेले ते लांबलचक घर अजून पाहता येते. १९१० साली विल्सेडर बेर्गही विकत घेतला गेला. कायद्याची वाट न पाहता जमीन खरेदी करून ती राखायची, ही बोडेची रीत होती. लिलावात जाणारा माळ वाचवायला त्या काळी याहून खात्रीचा उपाय नव्हता.

१९०९ साली म्युनिकमध्ये निसर्गउद्यान संघ स्थापन झाला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांसारखी उद्याने जर्मन भाषक प्रदेशात, आल्प्समध्ये आणि मैदानातही असावीत, हा त्याचा हेतू. मैदानासाठी ल्यूनेबुर्गचा माळ निवडला गेला. संघाने वर्गणी जमवली, लॉटरी काढली आणि तुकडे विकत घेत गेला. १९२१ च्या अखेरीस सरकारी हुकमाने विल्सेडेभोवतीचा प्रदेश संरक्षित जाहीर झाला. जर्मनीतल्या पहिल्या मोठ्या संरक्षित क्षेत्रांत त्याची गणना होते. या सगळ्यात एक विसंगती सुरुवातीपासून होती आणि ती समजायला अनेक वर्षे गेली. अमेरिकन उद्याने माणसाला दूर ठेवून राखायची होती. इथे माणूस दूर गेला की दहा-वीस वर्षांत बर्च आणि पाइन येतात आणि ज्यासाठी जमीन घेतली तो माळच नाहीसा होतो.

नाझी राजवटीत संघाने ज्यू सभासदांना बाहेर काढले. माळाच्या दक्षिण भागात १९३५ पासून बेर्गेनचे लष्करी सरावक्षेत्र उभे राहिले आणि त्यासाठी अनेक गावे उठवली गेली. त्याच्या कडेला बेर्गेन-बेल्सेनची छळछावणी होती. तिथे किमान ५२,००० कैदी आणि शेजारच्या छावणीत सुमारे २०,००० युद्धकैदी, त्यांतले बहुतेक सोव्हिएत, मरण पावले. ॲन फ्रँक १९४५ च्या आरंभी तिथेच मरण पावली. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य छावणीत पोचले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ४ मे रोजी, ल्यूनेबुर्गजवळच्या टिमेलोबेर्ग टेकडीवर ब्रिटिश सेनापती माँटगोमरीच्या तंबूत वायव्य जर्मनी, नेदरलँड्स आणि डेन्मार्कमधील जर्मन फौजांनी शरणागतीवर सह्या केल्या. बेल्सेनच्या सामूहिक कबरींवर आज कॅलुना वाढते. माळाचा इतिहास सांगताना हा भाग वगळून फक्त फुलांबद्दल लिहिणे गैर आहे.

युद्धानंतर ब्रिटिश आणि कॅनेडियन सैन्याने संरक्षित क्षेत्रासह मोठ्या भागावर रणगाड्यांचा सराव सुरू केला. १९५९ च्या करारानुसार श्नेव्हरडिंगेन आणि बेरिंगेनजवळचे काही पट्टे वर्षभर सरावाला मोकळे राहिले. साखळ्यांच्या चाकांखाली कॅलुना आणि तिची मुळे नाहीशी झाली. उरली ती धुळीची लांबरुंद पटांगणे. आसपासच्या घरांच्या खिडक्यांवर वाळू साचे. हॅम्बुर्गचा व्यापारी आल्फ्रेड ट्योप्फर १९५४ ते १९८५ संघाचा अध्यक्ष होता. नाझी काळातल्या त्याच्या भूमिकेवर पुढे बरीच टीका झाली, पण माळाचा गाभा सैन्यापासून वाचवण्यात आणि नवी जमीन घेण्यात त्याचा वाटा मोठा होता. शीतयुद्ध संपल्यावर करारही संपला आणि १९९४ मध्ये रणगाडे निघून गेले.

मग माळ नव्याने पेरावा लागला. तुडवून घट्ट झालेली जमीन सैल केली, दुसरीकडे कापलेली बियाळ कॅलुना तिच्यावर पसरली, पुन्हा मेंढ्या आणल्या. श्नेव्हरडिंगेनच्या पूर्वेचा जांभळा माळ बघताना तो रणगाड्यांच्या पटांगणावर वाढला आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. राइनझेलेनची कथा थोडी वेगळी. तिथे आधी विमानतळ, मग निर्वासितांची छावणी, मग सैन्याचा तळ होता. या सततच्या तुडवण्यामुळे आणि खत न पडल्यामुळे तिथे कॅलुनाऐवजी वाळूवरचे विरळ गवत टिकले. अशी निकस कुरणे उत्तर जर्मनीत दुर्मीळ झाली आहेत, म्हणून आता ते गवतच संरक्षित आहे.

पर्यटन या सगळ्याच्या जोडीने वाढत होते. १९५१ साली आलेल्या ‘ग्र्युन इस्ट दी हायडे’ या रंगीत चित्रपटाला पश्चिम जर्मनीत प्रचंड गर्दी झाली. युद्धात घरदार गमावलेल्या लोकांना जांभळा, शांत माळ पाहून बरे वाटले असावे. गाड्या भरभरून माणसे विल्सेडेला येऊ लागली. गाभ्यातले रस्ते मोटारींना बंद असल्याने गाड्या उंडेलो, डोले, निडरहाव्हरबेक अशा कडेच्या गावांत ठेवाव्या लागतात. पुढे पायी, घोडागाडीने किंवा सायकलने. हे रस्ते हिमनदीने आणलेल्याच गोट्यांनी बांधलेले आहेत. घोडागाडीच्या लोखंडी धावेला ते चालत, सायकलला ते खडखडतात. म्हणून फरसबंदीच्या कडेने वाळूची एक दाबलेली पट्टी पडली आहे आणि सायकली तिच्यावरून जातात. कोरड्या दिवसांत तीही रुतते. बारीक टायरची सायकल घेऊन आलेला माणूस म्हणून गाभ्यात न शिरता गावागावांना जोडणाऱ्या डांबरी रस्त्याने वळसा घालतो. उंडेलोपाशी आणि बेरिंगेनच्या अलीकडे त्याला माळ जवळून दिसतो, मधले बरेच अंतर पाइनच्या सावलीतून जाते.

त्या पाइनच्या लागवडीचीही एक किंमत होती. एकाच जातीची, एकाच वयाची झाडे वाळूवर दाट लावली तर वादळ आणि आग यांपुढे ती टिकत नाहीत. नोव्हेंबर १९७२ च्या वादळाने लोअर सॅक्सनीतली जंगले आडवी केली. ऑगस्ट १९७५ मध्ये कोरड्या उन्हाळ्यात माळाच्या दक्षिण भागातली पाइनची जंगले पेटली. हजारो हेक्टर जळाले आणि माइनरझेनजवळ पाच अग्निशामक जवान ज्वाळांत सापडून मरण पावले. फ्रान्सहून पाणी टाकणारी विमाने मागवावी लागली. त्यानंतर नव्या लागवडीत पानझडी झाडे मिसळण्यावर भर दिला गेला.

आज माळ टिकवण्याची पद्धत जुन्या शेतीवरूनच घेतली आहे. हाइडश्नुकेचे कळप मेंढपाळासह वर्षभर फिरतात. मेंढ्यांना न झेपणारे म्हातारे, लाकूड झालेले झुडूप यंत्राने कापले जाते. काही ठिकाणी यंत्रच प्लागेन खरवडते, आणि हिवाळ्यात छोटे पट्टे जाळले जातात. बर्चची रोपे हाताने उपटायला स्वयंसेवक येतात. कापलेली कॅलुना गवती छपरांच्या आढ्यावर बसवायला जाते, खतासाठी ती आता कोणाला नको. किंबहुना जमिनीतला कस कमी करणे हेच आता उद्दिष्ट आहे. मोटारी आणि मोठे पशुपालन यांतून हवेत गेलेला नायट्रोजन पावसाबरोबर माळावर उतरतो आणि गवत कॅलुनाला मागे टाकते. पूर्वी प्लागेन आणि मेंढीचे खत माळावरून शेतात जाई, म्हणून माळ निकस राही. त्या निकसपणावरच कॅलुना जगत आली आहे.

नवे प्रश्नही आहेत. २०१८ च्या दुष्काळी उन्हाळ्यात कॅलुनाचे मोठे पट्टे वाळले. लांडगा परत आला आहे. लोअर सॅक्सनीत दीडशे-एक वर्षांनी लांडग्यांची पिल्ले पहिल्यांदा आढळली ती २०१२ मध्ये, माळावरच्याच मुन्स्टर गावच्या लष्करी सरावक्षेत्रात. मेंढपाळाला विजेचे कुंपण आणि राखणदार कुत्री आता सोबत ठेवावी लागतात, त्याचा खर्च आणि धाक दोन्ही वाढले आहेत. लोकर विकून कातरणीची मजुरीही निघत नाही. कळप चालतात ते मांस, सरकारी अनुदान आणि संघाचे पैसे यांवर. मेंढपाळ हा या व्यवस्थेतला सर्वांत दुर्मीळ माणूस झाला आहे, कारण रोज पावसात आणि थंडीत माळावर उभे राहण्याचे काम शिकायला येणारी तरुण माणसे कमी आहेत.